पुराची वही

बडोद्यातल्या आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत पूर-टोळी काढायचं ठरलं, तेव्हा पहिल्याच मीटिंगला पोरांनी मोबाइलवर रबरी बोटींच्या किमती शोधायला घेतल्या. मी म्हटलं, बोट राहू दे, आधी दोनशे पानी वही आणा. माझं वय 61, उजवा गुडघा गेलेला. तरी टोळीची मुख्य मी, कारण वही माझ्याकडे असते.

बडोद्यात बोटी येतात हो. अग्निशमन दलाच्या येतात, केंद्राच्या आपत्ती दलाची, म्हणजे एनडीआरएफची सहावी बटालियन तर जवळच, जरोदला आहे. पण बोटीतला जवान गेटाशी येऊन विचारतो, "कुठल्या घरात कोण अडकलंय?" आणि तिथं चार जण चार दिशांना हात करतात. ऑगस्ट 2024 ला, जन्माष्टमीच्या पावसानंतर पाणी चढलं तेव्हा आमच्याकडे यादी होती, आम्ही ती दोनदा मोजली, सगळे फ्लॅट बरोबर. सकाळी कळलं की चौकीदार आणि त्याची बायको रात्रभर पंपाच्या खोलीवर बसून होते. यादी मेंटेनन्सची होती आणि चौकीदार मेंटेनन्स भरत नाही.

म्हणून वही नव्यानं करा, जुन्या रजिस्टरवरून उतरवू नका. ज्येष्ठात, आषाढ लागायच्या आत, दारोदार पायी फिरा. दोघांनी जा, त्यातलं एक त्या घराच्या ओळखीचं हवं. "काही अडचण आहे का?" असं विचारलंत की सगळे "छे छे" म्हणतात. नेमकं विचारायचं: फ्रिजमध्ये इन्सुलिन आहे का? रात्री ऑक्सिजनचं मशीन कोण लावतं? जिना कोण चढू शकत नाही? भाडेकरू पोरं किती, स्वयंपाकाच्या बाई कधी येतात, कामगार पार्किंगमध्ये झोपतात का? आणि तळमजल्यावरच्या प्रत्येक घरासमोर वरच्या एका घराचा नंबर लिहा, दोन्ही घरांना समोरासमोर बसवून होकार घेऊन. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, माणसं चालतील, कुत्रा नको. तेही लिहिलं. ऐन वेळी जिन्यात भांडण नको.

पेन्सिलीनं लिहा, भिजल्यावर शाई पसरते. एक प्रत माझ्या पिशवीत, एक चौथ्या मजल्यावर. मोबाइलवरच्या ग्रुपवर विसंबू नका. लाइट गेली की फोन मरतात, मग टॉवरही.

आता हलायचं कधी? गेटाच्या खांबावर ऑइल पेंटनं फुटांच्या रेघा मारून घ्या. काळ्या घोड्याच्या पुलाशी विश्वामित्रीची पातळी मोजतात, 26 फूट ही धोक्याची खूण, 2024 ला नदी 35 फुटांच्या वर गेली होती. पुलावरचा आकडा, आपल्या खांबावरची रेघ आणि वेळ, तिन्ही एका ओळीत लिहीत गेलात की दोन पावसाळ्यांत तुमच्या गल्लीचं स्वतःचं कोष्टक तयार होतं. मग बातम्यांत पातळी सांगितली की आपल्या पायरीला पाणी कधी लागेल ते तुम्ही सांगू शकता. आजवा तलावाचीही पातळी बघत जा. शहरात ऊन पडलेलं असतं आणि पावागढकडचं, आजव्याचं पाणी मागून येत असतं. पाऊस थांबला म्हणून निश्चिंत झोपलेले लोक इथंच फसतात.

म्हाताऱ्यांना दिवेलागणीच्या आत वर न्यायचं, हा नियम मोडू देऊ नका. आमचे एक काका हटून बसतात, "2019 ला माझ्या ओट्याला पाणी शिवलं नाही." त्यांना "घर सोडा" म्हणायचं नाही. "काका, वर चहा टाकलाय, औषधांची पिशवी घेऊनच या." येतात.

मेन स्विच कोण पाडणार, सिलिंडरचे रेग्युलेटर कोण बंद करणार, लिफ्ट वरच्या मजल्यावर उभी करून कोण बंद ठेवणार, ही तीन नावं आधी ठरवा. गाड्या उंचावर.

पाण्यात मात्र टोळीतल्या कुणीही उतरायचं नाही. पोहता येणाऱ्यानं तर अजिबातच नाही, तोच आधी उडी मारतो. खाली गटाराचं झाकण उघडं असतं, भिंतीत करंट असतो, आणि हे बडोदं आहे, नदीतल्या मगरी कंपाउंडात येतात. मगर दिसली तर लांब राहून वनखात्याला कळवा, व्हिडिओ काढायला पुढं सरकू नका. आम्ही पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनला पंधरा मीटर दोर बांधून ठेवलाय. दोर पॉलिप्रोपिलीनचा घ्या, तो तरंगतो, नायलॉनचा बुडतो. कोरड्यात उभं राहून फेकायचा आणि समोरच्याला ओढून घ्यायचं. दर रविवारी मैदानात पोरं सराव करतात. माझा नेम त्यांच्यापेक्षा बरा आहे, हे जाता जाता.

ज्यांना खरोखर शिकायचंय त्यांनी कलेक्टर कचेरीतल्या आपत्ती विभागात "आपदा मित्र"ची चौकशी करावी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या या योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं. वहीच्या पुठ्ठ्यावर 101, 108 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 लिहून ठेवा.

पाणी ओसरल्यावर वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच वर नाही. जमिनीखालची टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग टाकून मगच भरा. चिखलात राबलेल्यांनी ताप आला तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात होतो" हे आठवणीनं सांगा, लेप्टोचा, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशय त्यांना लगेच यायला हवा.

यंदाची वही भरून झालीये. पहिलं पान चौकीदाराचं. त्याची बायको बाळंतपणाला दाहोदला गेलीय. परतली की तिथं दोनाचे तीन करायचे आणि समोर वरच्या घराचा नंबर बदलायचा, कारण सध्याच्या घरात पाळण्याला जागा नाही.