गावच्या घरचं फोन-इंटरनेटचं बिल परदेशातून भरायचं तर

घर यवतमाळ, वाशिम नाहीतर वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात, आई-बाबा तिथेच, आणि बिल भरणारा मुलगा किंवा मुलगी दुबईला नाहीतर टोरंटोला. बिल भरायला दोन मिनिटं पुरतात. घोळ होतो तो इतरत्र. विमानात बसण्याआधीची कामं राहून जातात, आणि गावी नेट बंद पडलं की कारण न विचारता आधी पैसे भरले जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अडकून तुटलेली केबल बिल भरून जोडली जात नाही.

निघण्याआधी गावी करायची कामं

बीएसएनएलचं शेवटचं छापील बिल शोधा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. त्यावरच्या चार गोष्टी लागतात: एसटीडी कोडसह फोन नंबर, खाते क्रमांक, नोंदलेला मोबाइल नंबर आणि कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते. फायबर घेतलं असलं तरी बीएसएनएल त्याला एक लँडलाइन नंबर देतंच; बिल त्याच नंबरावर शोधायचं असतं. पुष्कळ घरी कनेक्शन अजून आजोबांच्या नावावर असतं आणि आजोबा जाऊन काही वर्षं झालेली असतात. बिल भरण्यात त्याची अडचण येत नाही, पण योजना बदलणं, कनेक्शन बंद करणं, अनामत परत मिळवणं, या सगळ्याला सही लागते. नाव बदलण्याचा अर्ज तालुक्याच्या ऑफिसात तुम्ही गावी असतानाच देऊन टाका.

नोंदलेला मोबाइल नंबर तपासा. तो दुकानात कोणीतरी दिलेला, आता बंद पडलेला नंबर असेल, तर बिलाचा मेसेज हवेतच जातो. तिथे बाबांचा चालू नंबर टाका आणि ईमेल तुमचा द्या, म्हणजे बिल दोघांनाही दिसेल.

यापेक्षा मोठं काम तुमच्या स्वतःच्या भारतीय सिमचं आहे. बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो. सिम जिवंत ठेवायला वैधता असलेला पॅक लागतो आणि रोमिंग सुरू असावं लागतं. ते निघण्याआधीच सुरू करून घ्या. रोमिंगवर येणारा एसएमएस सहसा फुकट असतो, म्हणून ओटीपी मिळतो. पण यूपीआय ॲप नव्या फोनवर चालू करताना तुमच्या सिमवरून एसएमएस बाहेर जावा लागतो, आणि तिथेच गाडी अडते. प्रीपेडमध्ये शिल्लक नसली की तो मेसेज जात नाही आणि ॲप ‘पडताळणी झाली नाही’ एवढंच सांगतं. म्हणून परदेशात वापरणार तोच फोन, दोन सिमचा, इथेच घ्या आणि यूपीआय इथेच चालू करा. तिकडे गेल्यावर फोन बदलला तर हे सगळं पुन्हा करावं लागतं.

खातं कोणतं वापरायचं

परदेशी कायम राहायला गेल्यावर भारतातलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याप्रमाणे ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. बाहेरून पाठवलेले पैसे एनआरई, म्हणजे अनिवासींच्या परदेशी कमाईच्या, खात्यात ठेवता येतात. भारतातली बिलं दोन्ही खात्यांतून भरता येतात. बाबा संत्र्याचे किंवा कापसाचे पैसे तुमच्या खात्यात टाकणार असतील तर ते एनआरओतच टाकायचे, एनआरईत नाही.

तुमच्याकडे भारतीय सिम उरलंच नसेल तरी एक वाट आहे. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने सुरुवातीला १० देशांच्या मोबाइल नंबरांवर एनआरई-एनआरओ खात्याचं यूपीआय चालवायला परवानगी दिली: सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात आणि ब्रिटन. तुमची बँक आणि तुमचं ॲप, दोघांनी ती सोय दिलेली असावी लागते. बँकेत तो परदेशी नंबर आधी नोंदवा, मगच ॲपमध्ये खातं जोडायला जा. उलट क्रमाने केलं तर ॲपला खातं सापडतच नाही.

परदेशी बँकेचं क्रेडिट कार्ड हा शेवटचा उपाय समजा. भारतीय वेबसाइटवर ते कधी चालतं, कधी पेमेंट गेटवे सरळ नाकारतो, आणि चाललं तरी चलनबदलाचा आकार वर बसतो. आखातात असाल तर एक्स्चेंज हाउसकडे चौकशी करा. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशातल्या भारतीयांना भारत बिल पेमेंट यंत्रणेतून घरच्यांची बिलं थेट भरू देण्याचा निर्णय जाहीर केला, आणि ती सोय अशा काउंटरवरून मिळू शकते. तिथे फी किती यापेक्षा दर काय लावला ते बघा. त्यांची कमाई दरातच असते.

भरायचं कसं

बँकेच्या नेटबँकिंगमध्ये किंवा यूपीआय ॲपमध्ये ‘बिल पेमेंट’मध्ये जा. भारत बिल पेमेंटचं नाव आता ‘भारत कनेक्ट’ झालं आहे, तेच चिन्ह दिसेल. ‘लँडलाइन’ निवडा आणि बीएसएनएल शोधा. यादीत बीएसएनएल दोनदा दिसेल, वैयक्तिक ग्राहक आणि कॉर्पोरेट. घरच्या फोनला वैयक्तिक. चुकून कॉर्पोरेट निवडलं की ‘बिल सापडलं नाही’ येतं आणि माणूस नंबर चुकला समजून डोकं खाजवत बसतो. फायबरचं बिल लँडलाइनखाली सापडलं नाही तर ‘ब्रॉडबँड’खाली बघा.

नंबर टाकताना एसटीडी कोडमधलं शून्य अडवतं. यवतमाळचा कोड ०७२३२, वर्ध्याचा ०७१५२, अमरावतीचा ०७२१. बहुतेक ठिकाणी सुरुवातीचं शून्य वगळून लिहायचं असतं, म्हणजे यवतमाळसाठी ७२३२ आणि लगेच पुढे घरचा नंबर, मध्ये जागा किंवा रेघ न सोडता. दोन्ही मिळून दहा आकडे होतात; नऊ किंवा अकरा झाले तर काहीतरी चुकलं आहे. चौकटीखालचं बारीक अक्षरातलं वाक्य वाचा, एखादं पोर्टल शून्यासकट मागतं. मग खाते क्रमांक टाका.

बिल आलं की रकमेआधी नाव वाचा. नाव पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात, पण पहिली-शेवटची अक्षरं आजोबांच्या नावाशी जुळतात की नाही ते कळतं. एक आकडा चुकून शेजारच्याचं बिल भरलं गेलं तर ते पैसे परत मिळवायला वर्ष जाईल, आणि शेजारी कबूल करेलच असं नाही.

रक्कम योजनेपेक्षा जास्त दिसली म्हणून घाबरू नका. जीएसटी १८ टक्के आहे. ४९९ रुपयांच्या योजनेचे ५८८ रुपये ८२ पैसे होतात. त्यापेक्षाही जास्त असेल तर मागची थकबाकी किंवा उशिराचा दंड आहे. बिलाचा तपशील उघडून बघा.

मुदतीची तारीख भारताच्या घड्याळाची असते. इथे रात्रीचे १२ वाजतात तेव्हा दुबईत साडेदहा झालेले असतात, पण उन्हाळ्यात लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसात आणि न्यूयॉर्कला दुपारचे अडीच. ‘आज रात्री भरतो’ म्हणणाऱ्या न्यूयॉर्कच्या माणसाचं बिल उशिरा भरलेलं असतं. शिवाय भरणा कंपनीच्या खात्यात दिसायला एखादा दिवस लागतो. मुदतीच्या तीन दिवस आधीची आठवण फोनवर लावून ठेवा.

पैसे कापले आणि बिल तसंच दिसत असेल तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि एक दिवस थांबा. यूपीआयने कंपनीला केलेला व्यवहार अर्धवट राहिला तर पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तक्रार ज्या ॲपमधून भरलं त्यातच नोंदवायची; गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जाऊन बाबांनी भांडून काही होत नाही, तिथल्या माणसाला तुमच्या बँकेचं काही दिसतच नाही.

दर महिन्याची कटकट नको असेल तर ऑटोपे लावता येतं. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा भरण्याला प्रत्येक वेळी ओटीपी लागत नाही, आणि पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते. अडचण एकच: एनआरओ खात्यात शिल्लक नसली की कापणं फसतं, आणि ती सूचना परदेशात कोणी वाचत नाही. योजनेत सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं आगाऊ भाडं भरायची सोय असेल तर ते भरून मोकळं व्हावं. गावात दोन वयस्क माणसं राहत असतील तर त्यांचा फोन तुमच्या स्मरणशक्तीवर सोडण्यात अर्थ नाही.

आई-बाबांचा मोबाइलही याच यादीत धरा. २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला १३ वेळा. वर्षाचा एकदम मारा, आणि गावात ज्या कंपनीचा टॉवर खरंच लागतो तिचाच.

बिल भरलंय, तरी नेट बंद

खरी कसोटी इथे लागते. मोबाइलवरून आईला फोन करा आणि मोडेमवरचे लाइट विचारा. फायबरच्या डब्यावर पॉवर (वीज), पॉन (फायबरची जोडणी) आणि एलओएस (सिग्नल तुटला) असे तीन लाइट महत्त्वाचे. नावं इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात असतात, म्हणून गावी असतानाच एलओएसच्या लाइटशेजारी एक लाल टिकली चिकटवून ठेवा. मग फोनवर एवढंच विचारायचं:

‘आई, टिकलीजवळचा लाइट पाय बरं. लाल हाय का?’

‘हो रे, लाल लागून रायला.’

लाल लागला म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाही. केबल तुटली आहे, किंवा डब्यामागची बारीक वायर झाडू मारताना निघाली किंवा मुडपली आहे. याचा बिलाशी संबंध नाही. आधी मागची वायर नीट बसली का ते बघायला सांगा, मग केबलवाल्याला फोन. विदर्भात ही केबल खांबांवरून लोंबत जाते. माकडं तिच्यावर झोके घेतात, कापसाची गाडी उंच भरली की ओढली जाते, वादळात फांदी पडते. तीन दिवस लागले तरी आश्चर्य मानू नका.

टिकलीचा लाइट विझलेला, पॉन हिरवा स्थिर, आणि तरीही नेट नाही, तर लाइन ठीक आहे. आता बिल बघा, थकल्यामुळे बंद झालं असण्याची शक्यता आहे. भरणा केल्यावर मोडेम एकदा बंद करून दोन मिनिटांनी चालू करायला सांगा.

एकही लाइट नसेल तर गावात वीज नाही, किंवा अडॅप्टर गेला. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला एक्स्चेंजकडून वीज मिळायची, म्हणून गावचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) उडाला तरी फोन लागायचा. फायबरचा फोन मोडेममध्ये लावलेला असतो. वीज गेली की तोही मुका होतो. मोडेमसाठी छोटा डीसी यूपीएस (वीज गेल्यावर चालणारी बॅटरी) घ्या आणि अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवूनच घ्या. बहुतेक डब्यांना १२ व्होल्ट लागतात. चुकीचा लावला तर डबा जळतो.

तांब्याचीच लाइन असेल तर रिसीव्हर उचलायला सांगा. डायल टोन येतो, पण नंबर फिरवला की रेकॉर्ड केलेला आवाज बोलतो, म्हणजे बिलासाठी बाहेरचे कॉल बंद केलेत. टोनच नाही, म्हणजे तार किंवा यंत्र.

तक्रार करायचीच तर बाबांना करायला सांगा, कारण १८०० ने सुरू होणारे नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत. तक्रारीचा डॉकेट नंबर मात्र त्यांच्याकडून लिहून घ्या. तो नसला तर पुढे अपील करता येत नाही, आणि ‘तक्रार केली होती’ याला पुरावा राहत नाही.

कोणाला पैसे द्यायचे नाहीत

गावात फायबर जोडणारा माणूस बहुधा स्थानिक भागीदार असतो. माणूस चांगला असेल, पण बीएसएनएलचं मासिक बिल त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर देऊ नका; पावती कंपनीची हवी. नेट त्याच्या स्वतःच्या कंपनीचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ग्राहक आयडी विचारून घ्या आणि भरताना शेऱ्यात तोच लिहा, नाहीतर आलेले पैसे कोणाचे ते त्याला कळत नाही.

‘बिल भरलं नाही, आज रात्री लाइन कापणार, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज किंवा कॉल बाबांना आला तर तो फसवणुकीचाच समजायचा. त्यांना सांगून ठेवा: फोनवर कोणाच्या सांगण्यावरून ॲप टाकायचं नाही, आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर गावाकडून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या मागच्या भिंतीवर चिकटवा, डॉक्टर आणि केबलवाल्याच्या नंबराखाली.