नवी बॅट आली आणि खेळ बिघडला? टेबल टेनिसचं साहित्य घेताना या चुका टाळा

मूल वर्ष-दीड वर्ष क्लबमध्ये खेळतं, रेडीमेड बॅट झिजते, कोच म्हणतात, "आता जरा चांगली बॅट बघा." आई-बाबा चार ठिकाणी चौकशी करतात आणि सगळ्यात मोठं नाव घरी आणतात: व्हिस्कारियाचं ब्लेड (बॅटचा लाकडी भाग), दोन्ही बाजूंना टेनर्जीचं वेगवान रबर. पहिल्या आठवड्यात सगळे खूश. मग साधे पुश (बॉल खालून हलकेच ढकलायचे फटके) उंच उठायला लागतात, सर्व्हिस घेतानाच बॉल टेबलाबाहेर जातो आणि ज्याला हे मूल सहज हरवायचं त्याच्याकडून गेम जातात. यात मुलाचा दोष फारसा नसतो. बॅटही वाईट नसते. ती आजच्या हातासाठी घेतलेली नसते, एवढंच.

वेग नेमका कुठे नडतो

'फास्ट बॅट' म्हटलं की डोळ्यांपुढे स्मॅश येतो. पण स्मॅशला कुठलंही बरं रबर पुरतं. वेग नडतो तो हळू खेळताना: आखूड पुश, नेटजवळचा टच, समोरच्याच्या टॉपस्पिनवर (पुढे फिरणाऱ्या जोरदार बॉलवर) नुसता धरलेला ब्लॉक. आजकालच्या बऱ्याच रबरांत टॉपशीट (वरचा रबरी थर) आणि स्पंज (त्याखालचा थर) आधीच ताणलेल्या अवस्थेत बनवतात. त्यामुळे हात जवळजवळ न हलवताही बॉल पुढे फेकला जातो. मुरलेला खेळाडू बॉल लागताना पकड सैल सोडून हा धक्का जिरवतो. शिकणाऱ्याला ते अजून जमत नसतं, आणि जमायची अपेक्षाही नाही.

याचा दुसरा परिणाम उशिरा दिसतो आणि तो जास्त वाईट आहे. बॉल बाहेर जातोय म्हटल्यावर मूल नकळत हात आखडतं. टॉपस्पिनचा स्विंग छातीपाशीच थांबतो. कोच ओरडतात, "स्ट्रोक पूर्ण कर!" आणि पूर्ण केला की बॉल परत बाहेर. काही महिन्यांनी बॅट बदलता येते, आखडलेला हात सुटायला फार वेळ लागतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिली जोडलेली (ब्लेड आणि रबर वेगळं घेऊन बनवलेली) बॅट घेताना 'पुढेही चालेल' हा विचार डोक्यातून काढून टाका. कपडे वाढत्या मापाचे घेतात तसं इथे चालत नाही.

मग घ्यायचं काय? पाच थरांचं, पूर्ण लाकडी, ऑलराउंड वर्गातलं (म्हणजे मध्यम वेगाचं) ब्लेड. स्टिगाचं ऑलराउंड क्लासिक हे याचं जुनं, खात्रीचं उदाहरण. त्यावर यासाका मार्क व्ही किंवा बटरफ्लायचं स्रायव्हर यांसारखं रबर, 1.8 मिलिमीटर स्पंजचं. ही रबरं जुनी आहेत म्हणून दुकानदार कधी कधी नाक मुरडतो. मुरडू द्या. ज्या कोचच्या हाताखाली मूल खेळतंय त्यांनी दुसरं नाव सुचवलं तर ते घ्या, वर्ग मात्र हाच ठेवा.

कार्बनबद्दल एक गैरसमज आहे. 'कार्बनची बॅट' अख्खी कार्बनची नसते. नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान 85 टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा लागतो. कार्बनसारख्या फायबरचा एक थर जाडीच्या 7.5 टक्के किंवा 0.35 मिलिमीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. इतक्या पातळ थराने ब्लेड कडक होतं, बॉल बॅटवर कमी वेळ टिकतो आणि हाताला मिळणारी जाणीव कमी होते. ज्याला अजून ती जाणीवच कमवायची आहे, त्याने कार्बनसाठी घाई करू नये.

आकड्यांची फसवणूक

रबरच्या पाकिटावर 1.8, 2.0, 2.1 किंवा 'मॅक्स' लिहिलेलं असतं. ही स्पंजची जाडी. टॉपशीट, स्पंज आणि ग्लू मिळून एका बाजूला 4 मिलिमीटरची मर्यादा आहे, म्हणून 'मॅक्स' म्हणजे त्या मर्यादेत बसणारा सर्वांत जाड स्पंज. जाड स्पंजात बॉल खोल रुततो आणि जोरात बाहेर येतो. पातळ स्पंजात जोराच्या फटक्याला लाकूड लवकर लागतं, वेग थोडा कमी मिळतो, पण बॉल कुठे पडणार याचा अंदाज बांधता येतो.

जास्त गोंधळ कडकपणाच्या आकड्यात होतो. डीएचएस या चिनी कंपनीच्या हरिकेन 3 रबरवर 39 किंवा 40 अंश दिसतात आणि एखाद्या जर्मन रबरवर 47.5. त्यावरून हरिकेन मऊ आहे असं समजून लोक ते मुलाला देतात. दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे. चिनी मोजणीतलं 40 हे हाताला चांगलंच कडक असतं. हरिकेनला कमरेपासून फिरणारा पूर्ण स्विंग लागतो. तो नसेल तर बॉल स्पंजात रुतत नाही आणि नेटमध्ये जाऊन पडतो.

खोट हातात की बॅटमध्ये?

खर्च करण्याआधी एक फुकटची चाचणी करा. त्याच पातळीवरच्या, पण साधी बॅट वापरणाऱ्या मित्राशी एका सरावापुरती बॅट बदला. ब्लॉक आणि पुश लगेच टेबलावर पडायला लागले तर खोट बॅटमध्ये आहे. तीच चूक दोन्ही बॅटनी होत असेल तर पैसे साहित्यावर न घालता कोचिंगवर घाला.

बॉल अचानक घसरायला लागला, स्पिन लागेना, तर रबर 'मेलं' असं ठरवून मोकळे होऊ नका. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये नवं रबरसुद्धा घसरतं. एसी गाडीतून थेट दमट हॉलमध्ये आलात तर रबरवर ओलाव्याचा पातळ थर बसतो. कोरड्या सुती कापडाने पुसा, बॅट थोडा वेळ हॉलच्या हवेत राहू द्या, मग ठरवा. खरी झीज ओळखायची तर बॉल हलका दाबून आधी रबरच्या कडेवर, मग मधोमध सरकवून बघा. कडेला पकड आहे आणि मध्ये नाही, तर ते रबर बदलायला झालं. दोन्हीकडे सारखंच असेल तर बहुधा नुसती धूळ आहे. पाण्यात किंचित ओला केलेला स्पंज फिरवा, वाळू द्या, वर प्लास्टिकची फिल्म लावा. साबण किंवा सॅनिटायझर अजिबात नको.

बॅकहँडवरून फोरहँडला येताना मूल उशिरा पोहोचतंय किंवा मनगट दुखतंय, तर बॅट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. रबरची कापलेली एक शीट साधारण 35 ते 50 ग्रॅमची असते. दोन्हीकडे जाड, कडक शीट लावल्या की बॅट सहज 185 ग्रॅमच्या वर जाते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला 160च्या आसपासची बॅट पेलते. हँडल फ्लेअर्ड (खाली रुंद होणारं) घ्यायचं की स्ट्रेट (सरळ), हे हातात धरून ठरवा. त्यात शास्त्र कमी, सवय जास्त.

आणि कधी कधी दोषी असतं टेबल. घरच्या किंवा सोसायटीच्या पातळ टेबलावर बॉल मेल्यासारखा उसळतो, मग 'बॅट स्लो आहे' असं वाटून फास्ट बॅट येते आणि स्पर्धेच्या टेबलावर सगळे बॉल बाहेर जातात. तपासायला सोपं आहे: 30 सेंटिमीटरवरून चांगला बॉल सोडला की तो साधारण 23 सेंटिमीटर उसळायला हवा. बॉलही 40 मिलिमीटरचा, 2.7 ग्रॅमचा असू द्या. खेळण्यांच्या दुकानातल्या हलक्या बॉलवर केलेला सराव उपयोगाचा नाही.

पिंपलचा मोह

मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल (बाहेरून लांब दाणे असलेलं रबर) लावून खेळते. 2018च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने एकेरीचं सुवर्ण जिंकल्यावर पिंपलकडे पालकांचं लक्ष जाणं साहजिक होतं. छोट्या वयोगटात ते पटकन जिंकूनही देतं, कारण समोरच्या मुलाला उलटा येणारा स्पिन कळतच नाही. पुढे सगळ्यांना कळायला लागतो, आणि या मुलाच्या बॅकहँडला तोवर टॉपस्पिनच आलेला नसतो. मनिका बॅट हातात फिरवते, पिंपलने हल्लाही चढवते. ते वेगळं कौशल्य आहे आणि ते शिकवणारा कोच असेल तरच या वाटेला जावं.

बदलताना आणि चिकटवताना

ब्लेड आणि दोन्ही रबरं एकदम बदलू नका. काय बिघडलं, काय सुधारलं, काहीच कळत नाही. आधी फोरहँडचं रबर बदला, काही आठवडे खेळा, मग पुढचं.

पंक्चरच्या ग्लूने रबर चिकटवणारे अजून भेटतात. उडून जाणारी रसायनं असलेल्या ग्लूवर 2008च्या बीजिंग ऑलिम्पिकनंतर बंदी आली, शिवाय असा ग्लू काढताना लाकडाचे तंतू उपटून येतात. पाण्यावर आधारलेला ग्लूच वापरा आणि दोन्ही बाजू पूर्ण वाळल्यावर जोडा. रबरवर तेलकट बूस्टर (वेग वाढवायचं द्रव) चोळायचा सल्ला क्लबमध्ये कुणीतरी देईलच. तेही नियमात बसत नाही.

रेडीमेड बॅटवरचे स्टार कंपनीने स्वतःच दिलेले असतात, त्यावरून स्पर्धेत बॅट चालेल असं समजू नका. रबरवर आयटीटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा) शिक्का आणि मान्यता क्रमांक हवा. एक बाजू काळी, दुसरी उठून दिसणाऱ्या रंगाची लागते. ऑक्टोबर 2021पासून लाल ऐवजी निळा, हिरवा, गुलाबी किंवा जांभळाही चालतो. शीट कापायला देताना दुकानदाराला बजावा की शिक्का हँडलच्या बाजूला, पूर्ण वाचता येईल असा राहिला पाहिजे. तो कात्रीत गेला तर अस्सल रबर असूनही पंच बॅट बाजूला ठेवायला सांगू शकतात, आणि मग मुलाला पहिलाच सामना उसन्या बॅटने खेळावा लागतो.