पोटाच्या सोनोग्राफीला निघण्यापूर्वी

लिव्हर आणि स्वादुपिंड बघण्यासाठी सोनोग्राफीची चिठ्ठी दिली की पेशंट आधी विचारतो पैसे किती लागतील, मग विचारतो दुखेल का. आदल्या रात्री काय जेवू, हे फार थोडे जण विचारतात, आणि तपासणी चांगली होणार की वाया जाणार हे बरंचसं त्यावरच ठरतं. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेतून पुढे सरकत नाहीत. लिव्हर उजव्या बरगड्यांखाली आहे आणि मोठं आहे, ते बहुतेक वेळा दिसतं. स्वादुपिंड मात्र जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवं पडलेलं असतं. वाटेत जठर आणि मोठं आतडं. त्यांत गॅस भरलेला असला की डॉक्टरांना पडद्यावर नुसतं धुरकट दिसतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखून कळ पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील, किंवा काविळीबरोबर थंडी वाजून ताप येत असेल, तर पुढचं काहीही पाळत बसू नका. तसेच उठा आणि सिव्हिलच्या किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात जा.

बाकीच्यांनी चिठ्ठी नीट बघा. फक्त वरच्या पोटाची तपासणी लिहिली आहे की संपूर्ण पोटाची? संपूर्ण पोट असेल तर लघवीची पिशवीही भरलेली लागते, म्हणजे तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्यायचं आणि नंबर लागेपर्यंत लघवीला जायचं नाही. फक्त वरचं पोट असेल तर ती कसरत नको. कळत नसेल तर सेंटरला फोन करून विचारा, तिथल्या माणसांना हा प्रश्न रोजचा असतो. फोनवरच सकाळचा पहिला-दुसरा नंबर मागून घ्या, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. अकरानंतरच्या सोलापुरी उन्हात उपाशी म्हातारं माणूस बाकावर बसवून ठेवणं मला पटत नाही.

आदल्या दिवशीचं जेवण साधं आणि लवकर. शेंगाची चटणी, हरभऱ्याची उसळ, तर्रीचं मटण, भजी, राजमा, कोबी हे एक दिवस बाजूला ठेवा. थंडीत शेतावर हुरड्याला बोलावणं आलं असेल तर तपासणी दोन दिवस पुढे ढकललेली बरी. मऊ भात, पातळ वरण, नरम भाकरी-भाजी एवढं पुरे. जेवणानंतर सहा ते आठ तास पोट रिकामं हवं, म्हणून रात्री नऊपर्यंत आटपा. पोट तुंबलंय म्हणून सोडा किंवा फसफसणारं चूर्ण घेणारे पुष्कळ असतात. त्या रात्री तेही नको, कारण त्यानेच पोटात गॅस तयार होतो. बद्धकोष्ठाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मनाने जुलाबाचं औषध घेऊ नका.

सकाळी चहा नाही. बिनसाखरेचा, अर्धा कप, दूध कमी घालून, असली सवलतही नाही. खाल्लं-प्यालं की पित्ताशय आकसतं, मग आतला बारीक खडा नजरेतून निसटतो आणि पित्ताशयाची भिंत उगाच जाड दिसते. स्वादुपिंडाला सूज येण्याचं एक मोठं कारण पित्ताचे खडेच असतात, त्यामुळे पित्ताशय नीट दिसणं अर्ध्या निदानाइतकं मोलाचं आहे. एकादशी किंवा सोमवार बघून नंबर घेणारे पंढरपूरकडचे पेशंट हमखास भेटतात: ‘उपासच आहे, काही खाल्लं नाही,’ म्हणतात आणि साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू आणि चहा हिशोबात धरत नाहीत. त्यातलं काहीच चालत नाही. साधं पाणी घोट-दोन घोट चालतं. तंबाखू, मावा, विडी, च्युइंग गम आणि बायकांची सकाळची मिश्रीसुद्धा तपासणीनंतर. चघळताना, ओढताना लाळेबरोबर हवा गिळली जाते.

रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर सहसा घेता येते. मधुमेहाचं तसं नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी उपाशीपोटी घेतली तर चक्कर येऊन पडायची वेळ येते, म्हणून त्या सकाळचा डोस कधी घ्यायचा ते चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. खिशात साखरेची पुडी असू द्या. घाम फुटला, हात थरथरले तर लगेच खा. तपासणी काय, दुसऱ्या दिवशीही करता येते. लहान मुलांना मोठ्यांसारखं आठ तास उपाशी ठेवू नका, वयाप्रमाणे वेळ विचारून घ्या. बेरियम पिऊन एक्स-रे किंवा घशातून दुर्बीण घालून तपासणी त्याच आठवड्यात असेल तर सोनोग्राफी आधी उरका, कारण बेरियम लहरी अडवतं आणि दुर्बिणीच्या वेळी पोटात हवा भरतात.

पिशवीत चिठ्ठी, आधार कार्ड, सिव्हिलला जाणार असाल तर केसपेपर, आणि जुने रिपोर्ट. जुने म्हणजे सगळे: आधीची सोनोग्राफी, एसजीओटी-एसजीपीटी आणि बिलिरुबिन या लिव्हरच्या रक्ततपासण्या, लायपेज ही स्वादुपिंडाची रक्ततपासणी, कावीळ ब ची तपासणी, ऑपरेशनचा कागद. लिव्हर गेल्या वर्षीपेक्षा वाढलं का, खडा तोच आहे का, हे जुना कागद समोर असला तरच सांगता येतं. कपडे सुटसुटीत, वर-खाली वेगळे होणारे. नऊवारी नेसणाऱ्या आजींना त्या दिवशी सहावारी नेसवा आणि परकराची नाडी सैल राहू द्या. जेल पुसायला एक जुना पंचा. तपासताना ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ असं वारंवार सांगतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या काही आजी-आजोबांना तेलुगू आणि अक्कलकोटकडच्यांना कन्नडच सोयीची असते, तेव्हा ती भाषा येणारं घरचं माणूस सोबत हवं. श्वास भरून धरला की लिव्हर बरगड्यांच्या खाली सरकतं आणि दिसतं, म्हणून तिथे गोंधळ परवडत नाही.

सगळ्यात कमी तयारी लोक सांगायच्या गोष्टींची करतात. दारू, ताडी किती वर्षं, किती, शेवटची कधी, हे बायको शेजारी उभी असताना पुरुष सांगत नाहीत. तिला दोन मिनिटं बाहेर थांबवा, पण सांगा. पूर्वी आव पडून गेली होती का, आता ताप आणि उजव्या कुशीत दुखणं आहे का? असेल तर लिव्हरमध्ये अमिबाचा गळू शोधावा लागतो. सांगोला-मंगळवेढ्याकडची, मेंढरं आणि कुत्री राखणारी माणसं असतील तर तेही बोला. कुत्र्यांमार्फत पसरणारी हायडॅटिडची पाण्याची गाठ लिव्हरमध्ये होते आणि तिच्यात सुई घालण्याआधी ती शंका डॉक्टरांच्या मनात असावी लागते, नाहीतर जिवावरची रिअॅक्शन येऊ शकते. वजन झपाट्याने उतरलं असेल, पातळ तेलकट संडास होत असेल, पन्नाशीत अचानक मधुमेह निघाला असेल, तर ही स्वादुपिंडाकडे बोट दाखवणारी लक्षणं आहेत.

आत गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं. जेल गार लागतं, किरणोत्सर्ग नसतो. डाव्या कुशीवर वळवतील, कधी उठून बसवतील. गॅस बाजूला सारायला प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं यंत्र, जरा दाबतील. दाबल्यावर पित्ताशयाच्या जागी कळ आली तर दात आवळून गप्प राहू नका, ती कळही निदानात धरतात. स्वादुपिंड दिसत नसेल तर काही डॉक्टर तिथेच पाणी प्यायला लावतात, भरलेल्या जठरातून मागचं दिसतं. फक्त वरच्या पोटाची तपासणी असेल तर आपण होऊन आधीच पोटभर पाणी पिऊन जाऊ नका. बाहेर आल्यावर लगेच खा, डबा सोबत असू द्या.

रिपोर्ट हातात आला की लोक शेवटची ओळ वाचतात. फॅटी लिव्हर, ग्रेड एक, इतकं कळलं की घाबरतात किंवा हसून सोडून देतात. लिव्हर शेजारच्या किडनीपेक्षा किती पांढुरकं दिसतं यावरून ती ग्रेड ठरते, लिव्हर किती बिघडलं ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं, कधी फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. लिव्हरचा पृष्ठभाग खडबडीत, पोर्टल व्हेन (लिव्हरकडे रक्त नेणारी मोठी शीर) तेरा मिलिमीटरपेक्षा रुंद, प्लीहा वाढलेली, पोटात पाणी, असं एकत्र लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पित्तनलिका सहा मिलिमीटरच्या आसपास असते. उतारवयात किंवा पित्ताशय काढलेल्यांत ती थोडी रुंद असली तरी चालतं, पण सोबत कावीळ असेल तर चालत नाही.

‘गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही’ ही ओळ मात्र रिपोर्टभर शोधा. तिचा अर्थ स्वादुपिंड चांगलं आहे असा घेतला जातो, ते चूक आहे. ते बघितलंच गेलेलं नाही. काही वेळा स्वादुपिंड दिसूनही सुरुवातीची सूज किंवा छोटी गाठ सोनोग्राफीत कळत नाही. दुखणं थांबलं असेल आणि लायपेज ठीक असेल तर तयारी पाळून पुन्हा एकदा करता येते. दुखणं, कावीळ किंवा वजन उतरणं चालूच असेल तर सीटी स्कॅन लागेल का ते स्पष्ट विचारा, आणि जाताना क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट घेऊन जा, कारण सीटीचं इंजेक्शन देण्याआधी किडनी बघतात.