चाळिशीत ज्युदो सुरू करताना शरीर कसं तयार करावं

ज्युदोचा क्लास लावायचं मनात आलं की बरेच जण म्हणतात, आधी दोन महिने धावतो, वजन उतरवतो, मग मॅटवर पाय ठेवतो. थांबू नका. चाळिशीतल्या शरीराला ज्युदोत सर्वात आधी नीट पडता यायला हवं, आणि ते धावून येत नाही. रक्तदाब, मणक्याचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या आणि प्रशिक्षकांनाही सांगून ठेवा.

१. पडायला शिका

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत ज्युदोची सुरुवात केली. पडण्याच्या तंत्राला, म्हणजे उकेमीला, आजही पहिला मान आहे. प्रशिक्षकांसमोर मऊ मॅटवर उकिडवे बसा. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर. पाठ गोल करून मागे लोळा आणि पाठ टेकताच दोन्ही हात, तळवे खाली करून, अंगापासून ३० ते ४५ अंशांवर मॅटवर आपटा. श्वास त्याच क्षणी सोडा. डोकं मॅटला लागताच कामा नये. सावरण्यासाठी हात मागे टेकवायची सवय मोडा. मनगट आणि कोपर त्यातच जातं. उभ्याने पडायची घाई नको. बसून पडणं अंगवळणी पडलं की मग अर्धवट वाकून, मग उभं राहून.

२. मान आणि पोट

हनुवटी आत धरून ठेवायला मानेत ताकद लागते, आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांची मान नेमकी इथेच कमी पडते. पाठीवर झोपा, हनुवटी आत ओढा, डोकं जमिनीपासून दोन बोटं वर उचलून १० सेकंद धरा. असं पाच वेळा. कुस्तीगीर डोक्यावर तोल घेऊन मानेचा पूल करतात, तो सुरुवातीला टाळाच. पोटासाठी प्लँक, म्हणजे कोपर आणि पायाची बोटं टेकून अंग फळीसारखं सरळ धरणं, पुरे.

३. ओढण्याची ताकद

दंड बहुतेकांना माहीत असतात, पण ज्युदोत समोरच्याचा ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा जाड पोशाख, पकडून सतत ओढावं लागतं. मजबूत बारवर जाड टॉवेल टाका, दोन्ही टोकं धरून १० ते १५ सेकंद लटका. ते जमत नसेल तर पाय जमिनीवर ठेवून मागे झुका आणि स्वतःला ओढून घ्या. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या घेऊन चालणं हाही पकडीचा उत्तम व्यायाम आहे. इथे मात्र सबुरी हवी: स्नायू लवकर बळकट होतात, त्यांना हाडांशी जोडणारे स्नायूबंध मागे राहतात. बोटं किंवा कोपर सकाळी आखडलेलं वाटलं तर दोन दिवस पकडीचा व्यायाम सोडा.

४. पाय आणि तोल

बैठका घाला, पण गुडघा सहन करेल तेवढ्याच खोल. आपल्या तालमीतले शेकड्यांचे आकडे समोर ठेवू नका. १० चे तीन संच नीट घातलेले बरे. एका पायावर ३० सेकंद उभं राहायचा सराव रोज करा, कारण फेकताना बऱ्याच डावांत तुमचा एकच पाय जमिनीवर असतो.

५. दम

मोठ्यांची स्पर्धेतली लढत ४ मिनिटांची असते, तीही धक्क्याधक्क्याने. त्यामुळे एकसुरी लांब धावण्यापेक्षा २० सेकंद जोरात आणि ४० सेकंद हळू, अशा आठ फेऱ्या चांगल्या. जिना, दोरीउड्या, काहीही चालेल. खरा दम उचिकोमीने वाढतो: जोडीदाराला न फेकता डावात शिरण्याच्या आवृत्त्या.

आठवडा कसा लावावा

दोन दिवस क्लास, दोन दिवस घरी ताकदीचा व्यायाम, एक दिवस दमाचा, उरलेले दोन आराम. क्लासच्या दुसऱ्या दिवशी ताकदीचा व्यायाम ठेवू नका. आणि झोप मोडून व्यायाम तर मुळीच नको.

रांदोरी, म्हणजे खुली झुंज, कधी सुरू करायची हे प्रशिक्षकांना ठरवू द्या. पहिल्या काही वेळा अनुभवी जोडीदार मागून घ्या आणि ‘मी नवीन आहे, हळू खेळू’ असं सरळ सांगा. दुसरा नवखा जोडीदार घाबरून ताठ होतो आणि अंगावर कोसळतो. पडणार हे कळलं की डाव अडवत बसू नका, हनुवटी आत घ्या आणि पडा.