चहाच्या वेळी कुत्र्याला बिस्किटाऐवजी रताळ्याचे काप

सकाळी चहाचा कप हाती घेतला की पाळीव कुत्रा समोर येऊन बसतो आणि बहुतेक घरांत त्याला ग्लुकोजचे बिस्किट मिळते. त्यात मुख्यतः मैदा, साखर आणि तेलच असल्याने ते रोज देणे टाळावे. त्याऐवजी रताळे उकडून सोलावे, बोटाएवढ्या जाडीचे काप करावेत आणि तेल-मीठ न घालता मंद आचेवर, कडा सुकून किंचित चिवट होईपर्यंत, तव्यावर परतून घ्यावेत. चिवट काप चावण्यास वेळ लागतो, त्यामुळे आपलाही चहा निवांत होतो. उरलेले काप झाकून फ्रीजमध्ये ठेवावेत आणि दोन-तीन दिवसांत संपवावेत. देताना मात्र ते बिस्किटांच्याच डब्यातून काढावेत, कारण कुत्र्याला पदार्थापेक्षा झाकणाचा आवाज अधिक ओळखीचा असतो. आमच्याकडे शेजारचा डबा वाजला तरी शेपटी हलू लागते.

खाऊतून मिळणाऱ्या कॅलरी दिवसभराच्या कॅलरींच्या १० टक्क्यांहून अधिक नसाव्यात, म्हणजे लहान चणीच्या कुत्र्याला एक-दोन छोटे तुकडे पुरतात. चॉकलेट आणि कांदा-लसूण घातक आहेत, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाण्यांकडे दुर्लक्ष होते. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, म्हणून शिऱ्याचा घास त्याला देऊच नये. कुत्र्याला मधुमेह असल्यास रताळे देण्यापूर्वी पशुवैद्यकांना विचारावे.