बरण्या उकळताना तडकू नयेत म्हणून

साठवणीच्या बरण्या निर्जंतुक करताना फुटतात, त्या बहुतेक वेळा गार काच एकदम उकळत्या पाण्यात सोडल्यामुळे.

१. बरण्या साबणाने धुऊन कडा उजेडात नीट बघा. बारीकसा टवका उडाला असला तरी ती बरणी बाजूला काढा, झाकण हवाबंद बसणार नाही.
२. पातेल्याच्या तळाशी जाळी किंवा घडी घातलेलं फडकं ठेवा. बरण्या उभ्या ठेवून आत-बाहेर कोमट पाणी भरा, काठाच्या वर इंचभर.
३. खळखळून उकळी फुटली की मगच १० मिनिटं मोजा. उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला १ मिनिट वाढवा.
४. चिमट्याने काढून पाणी ओता. आतून पुसू नका. गरम बरणीत गरमच पदार्थ भरा.

भरलेल्या बरण्या पुढे १० मिनिटं किंवा जास्त उकळायच्याच असतील, तर हा सगळा खटाटोप वाचतो. स्वच्छ, गरम बरणी पुरते.

मात्र भाज्या, कडधान्यं, मांस अशा कमी आंबट पदार्थांना निर्जंतुक बरणीचा भरवसा नाही. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यासाठी प्रेशर कॅनरच हवा, म्हणजे भरलेल्या बरण्या वाफेच्या दाबाखाली उकळत्या पाण्याहून जास्त तापवणारं भांडं.