लंडनला नाटक बघायचंय? मग ट्रिप जानेवारीत काढा

"लंडनला जाऊन आलो, पण नाटक राहिलं. तिकिटं परवडेनात." इंग्लंडमध्ये नवीन आलेल्या मंडळींकडून हे दरवर्षी ऐकते आणि दरवेळी वाईट वाटतं. मी कॉव्हेंट्रीत राहते, इथे येऊन आता १४ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं आम्हीही वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या थिएटरवस्तीतल्या, झगमगत्या पाट्या रस्त्यावरूनच बघून परत येत होतो. स्वस्त तिकीट असतं, ते कधी निघतं आणि कुठे मिळतं, हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधी समजून घ्या. पडदा वर गेला की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. म्हणून खुर्च्या रिकाम्या राहायची धास्ती असते तेव्हाच थिएटरवाले सूट देतात. आपण नेमकं उलट करतो. आधी सुट्टी टाकतो, हॉटेल घेतो, ट्रेनचं बुकिंग करतो आणि सगळ्यात शेवटी नाटक शोधायला बसतो. त्यात आपली सुट्टी म्हणजे ख्रिसमस, नाहीतर मुलांच्या शाळेची हाफ टर्म, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी. तेव्हा सगळा देशच लंडनला आलेला असतो, मग कुणाला गरज पडलीय स्वस्त द्यायची?

म्हणून माझा पहिला सल्ला: जानेवारी. ख्रिसमसची गर्दी ओसरल्यापासून ते फेब्रुवारीतली हाफ टर्म सुरू होईपर्यंतचे पाच-सहा आठवडे म्हणजे नाटकवेड्या माणसाचा खरा मोसम. थंडी असते, चार-साडेचारला अंधार पडतो, लोकांचे खिसे डिसेंबरात रिकामे झालेले असतात, त्यामुळे थिएटरं ओस पडायला लागतात. 'सोसायटी ऑफ लंडन थिएटर' ही थिएटरवाल्यांची स्वतःची संघटना या दिवसांसाठी न्यू इयर सेल काढते. त्यांच्या 'ऑफिशियल लंडन थिएटर' या साइटवर तो मिळतो. ख्रिसमसच्या आसपास त्यावर लक्ष ठेवा आणि सेल उघडला की लगेच बघा, कारण चांगल्या जागा पहिल्या एक-दोन दिवसांत जातात. तारीख मंगळवार ते गुरुवारमधली धरा. शुक्रवार-शनिवारच्या रात्री सेलमध्येही फारसं काही हाती लागत नाही.

मुलं असतील तर दुसरा मोसम उन्हाळ्यातला. याच संघटनेचा 'किड्स वीक' १९९८ पासून चालू आहे. नावात वीक असलं तरी शाळेची जवळजवळ सगळी उन्हाळी सुट्टी तो चालतो. एका मोठ्या माणसाचं पूर्ण तिकीट काढलं की एक मूल फुकट, आणि शिवाय आणखी दोन मुलांना अर्धं तिकीट. वर बुकिंग फी नाही. चौघांच्या कुटुंबाला याहून चांगला सौदा मला तरी माहीत नाही. फक्त यात सगळीच नाटकं नसतात, आणि असलेल्यांचेही सगळे प्रयोग नसतात. तेव्हा मुलांना आधी नाव सांगून आशेला लावू नका.

आता ऐनवेळी निघालेल्यांसाठी. लेस्टर स्क्वेअरच्या बागेच्या कडेला 'टीकेटीएस'चं छोटं स्वतंत्र बांधकाम आहे. १९८० मध्ये अर्ध्या किमतीच्या तिकिटांची खिडकी म्हणून ते सुरू झालं आणि तेही याच संघटनेचं. त्या दिवशी कुठल्या नाटकाला किती सूट आहे ते त्यांच्या वेबसाइटवर दिसतं, त्यामुळे ट्रेनमध्ये बसल्या बसल्याच दोन-तीन नावं हेरून ठेवता येतात. खिडकीवरच्या माणसाला मोकळेपणाने विचारा: "खांबामागे नाही ना? किती जिने चढायचे?" ते नीट सांगतात. मागे रांग आहे म्हणून संकोचू नका.

आणि इथेच एक सावधगिरी. त्याच परिसरात 'अर्ध्या किमतीत तिकिटं' अशा मोठ्या पाट्या लावलेली दुकानं असतात. एकदा आम्हीही अशाच एका दुकानात शिरलो होतो. दोन तिकिटं घेतली आणि खुशीत थिएटरच्या दारापर्यंत गेलो. तिथल्या दिव्याखाली नवऱ्याने तिकीट उलटसुलट करून पाहिलं, तर त्यावर छापलेली मूळ किंमत आम्ही दिलेल्या पैशांपेक्षा कमी! सूट सोडाच, वर पैसे मोजले होते. तेव्हापासून माझा नेम आहे: कुठलीही सूट दिसली की आधी थिएटरच्या स्वतःच्या साइटवर जायचं, त्याच दिवसाची तीच जागा निवडायची आणि फीसकट शेवटचा आकडा बघायचा. मगच ठरवायचं. एजंटकडून घ्यायचंच असेल तर 'स्टार' या तिकीट विक्रेत्यांच्या संस्थेचं चिन्ह आहे का, ते पाहा.

सेलवर अवलंबून न राहताही स्वस्तात बघता येतं, आणि यातली नाटकं दर्जाला कुठेही कमी नसतात. वॉटर्लूजवळ थेम्सच्या काठी नॅशनल थिएटर आहे. ते दर शुक्रवारी दुपारी १ वाजता पुढच्या आठवड्याच्या प्रयोगांची काही तिकिटं १० पौंडांत ऑनलाइन सोडतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोन घेऊन बसायचं, खातं आधीच उघडून ठेवायचं. तिथूनच नदीकाठाने चालत गेलं की शेक्सपिअर्स ग्लोब. उघड्या छताच्या या थिएटरात मधल्या अंगणात उभं राहून बघायची जवळपास ७०० तिकिटं असतात, ५ ते १० पौंडांपासून. अंगणात बसायला परवानगी नाही आणि छत्री उघडायची नाही, म्हणून टोपीवाला रेनकोट घ्या आणि सवयीचे बूट घाला. मंचाला कोपर टेकून उभं राहायला मिळालं, तर नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. मी तिथे पावसात तीन तास उभी राहिले आहे आणि पुन्हा राहीन. हा उघड्यावरचा मोसम मात्र उन्हाळ्याच्या आगेमागे असतो, जानेवारीत नाही.

'टुडेटिक्स' ॲपवर काही नाटकांची त्याच दिवसाची स्वस्त 'रश' तिकिटं सकाळी निघतात. काही थिएटरं अजून खिडकीवरही अशी तिकिटं देतात. एकट्याने जाणाऱ्याला यात फार फायदा. दोघांना शेजारी जागा मिळेलच असं नाही.

आता जागेबद्दल, कारण स्वस्त तिकिटातली फसगत बहुतेक इथेच होते. तळमजला म्हणजे स्टॉल्स. त्यावर ड्रेस सर्कल किंवा रॉयल सर्कल, त्यावर अपर सर्कल, आणि काही थिएटरांत त्याच्याही वर बाल्कनी. आपल्या डोक्यात बाल्कनी म्हणजे पहिला मजला, तेव्हा हा शब्द वाचून तिकीट काढू नका. जुन्या थिएटरांत वरच्या मजल्यांना बहुतेक वेळा लिफ्ट नसते, जिने अरुंद आणि उभे असतात, आणि वर गेल्यावर उतार असा की पहिल्यांदा कठडा घट्ट धरावासा वाटतो. 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलं असेल तर कारण वाचा. खांब असेल तर मी घेत नाही. पुढचा आडवा कठडा असेल तर थोडं मान उंचावून चालतं. मंचाचा एखादा कोपरा दिसत नसेल, तर तेवढ्या पैशांत मला तो सौदा मान्य आहे. 'सीटप्लॅन' या साइटवर त्या त्या खुर्चीवरून लोकांनी काढलेले फोटो असतात. पाच मिनिटं त्यात घालवाच.

आई-बाबा किंवा सासू-सासरे इकडे आलेले असतील, तर त्यांच्यासाठी स्टॉल्सची जागा आणि बुधवारची किंवा गुरुवारची दुपार. बहुतेक मॅटिनी अडीचच्या सुमारास असतात. काही थिएटरं या प्रयोगांना ज्येष्ठांना सवलत देतात, तेव्हा खिडकीवर विचारून घ्या. भाषेची काळजी करणाऱ्यांना मी संगीतनाट्य सुचवते, किंवा कॅप्शनचा प्रयोग. त्यात संवाद पडद्यावर लिहून येतात. माझ्या आईने असाच एक प्रयोग पाहिला आणि मध्यंतरात मला कथेतलं एक नातं तिने समजावून सांगितलं, जे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ट्रेनचा हिशोब तिकिटाइतकाच महत्त्वाचा. दोघं नेहमी जोडीने जात असाल तर 'टू टुगेदर' रेलकार्ड काढा. भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. रविवारी रुळांची कामं निघाली की ट्रेनऐवजी बस येते, हे आधी पाहून घ्या. साडेसातचा प्रयोग साधारण दहा ते सव्वादहाच्या दरम्यान सुटतो. आम्हाला कॉव्हेंट्रीच्या गाडीसाठी युस्टन स्टेशन गाठायचं असतं, त्यासाठी लेस्टर स्क्वेअरवरून भुयारी रेल्वेची (नकाशावर काळी) नॉर्दर्न लाइन थेट आहे, सहा-सात मिनिटांची. तुमचं स्टेशन कुठलंही असो, परतीची शेवटची नव्हे, शेवटच्या आधीची गाडी धरा. आणि प्रयोगाला अर्धा तास आधी पोचा. दारात बॅग उघडून बघतात, आणि एकदा सुरू झालं की उशिरा येणाऱ्याला थिएटरवाले सोडतील तेव्हाच आत जाता येतं, कधीकधी थेट मध्यंतरातच.